वाचकांचे प्रश्न : आकाशातून मिथेन मोजताना

गेल्या अंकातील मिथेन या तापमानवाढ घडवणाऱ्या वायूविषयीच्या टिपणात, खासगी कंपन्यांचे उपग्रह आता एखाद्या कचराभूमीतून किंवा वायुवाहिनीतून निघणारा मिथेन थेट टिपू लागले आहेत, असा ओझरता उल्लेख होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मिथेनला रंग नाही आणि वासही नाही. मग पाचशे किलोमीटर उंचीवरून तो दिसतो कसा? सरकारी अंतराळसंस्थांचे उपग्रह असताना खासगी उपग्रहांची गरज का भासते? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : सूर्याचा प्रकाश जमिनीवरून परावर्तित होऊन पुन्हा अवकाशाकडे जातो, तेव्हा वाटेतले मिथेनचे रेणू त्यातील ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. १.६५ आणि २.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे हे पट्टे अवरक्त भागात येतात, म्हणून आपल्या डोळ्यांना त्यांचा पत्ता लागत नाही. उपग्रहावरील वर्णपटमापक परत आलेल्या प्रकाशात नेमक्या या ठिकाणी किती तूट पडली ते मोजतो आणि त्यावरून जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या स्तंभात मिथेन किती आहे, याचे गणित मांडले जाते. अडचण अशी की मिथेन हवेत सगळीकडेच असतो, दर दहा लाख भागांत सुमारे १.९ भाग. गळतीमुळे त्या स्तंभात पडणारी भर पुष्कळदा मूळ प्रमाणाच्या काही टक्क्यांएवढीच असते. ती ओळखायची तर उपकरण अतिशय काटेकोर हवे.

आता दुसरा भाग. युरोपचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह ऑक्टोबर २०१७ मध्ये अवकाशात गेला आणि त्यावरील ट्रोपोमी हे उपकरण जवळजवळ सारी पृथ्वी रोज पाहते. मात्र त्याचा एक पिक्सेल जमिनीवरच्या साधारण साडेपाच किलोमीटर गुणिले सात किलोमीटर क्षेत्राएवढा असतो. मुंबईच्या नकाशावर तो ठेवला तर पवई तलावापासून ठाणे खाडीपर्यंतचा भाग त्या एका ठिपक्यात मावेल. त्या भागात मिथेन वाढला आहे हे त्यावरून कळते, पण तो कचराभूमीतून आला, गटारातून आला की एखाद्या वाहिनीतून, हे कळत नाही.

ही उणीव कॅनडातील माँट्रिअल येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या जीएचजीसॅट या कंपनीने हेरली. तिचे उपग्रह एका वेळी जेमतेम बारा किलोमीटर रुंदीचा भाग पाहतात, पण तो सुमारे २५ मीटरच्या तपशिलाने पाहतात. त्यामुळे लोट कोणत्या चिमणीपासून, तेल-वायूच्या कोणत्या विहिरीपासून किंवा कचऱ्याच्या कोणत्या उतारापासून सुरू होतो, ते सांगता येते. अर्थात इतक्या लहान खिडकीतून पाहणाऱ्या उपग्रहाला कुठे पाहायचे ते आधी सांगावे लागते, आणि ते काम ट्रोपोमी करते. ट्रोपोमीच्या एकट्या २०२१ सालच्या नोंदींत संगणकीय पद्धतीने मिथेनचे सुमारे तीन हजार मोठे लोट आढळले. सरकारी उपग्रहाने परिसर दाखवायचा आणि खासगी उपग्रहाने उगम शोधायचा, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

आपण पुण्याचे आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. जीएचजीसॅटचा पहिला प्रायोगिक उपग्रह, ज्याचे नाव क्लेअर, तो २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात गेला. त्या यानावर एकूण वीस उपग्रह होते आणि त्यांपैकी ‘स्वयम्’ हा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला होता. पुढे जानेवारी २०१९ मध्ये याच क्लेअरने पश्चिम तुर्कमेनिस्तानात चिखलाच्या ज्वालामुखीचा शोध घेताना शेजारच्या कोरपेजे वायुक्षेत्रातून निघणारे मिथेनचे प्रचंड लोट टिपले. शास्त्रज्ञांनी ट्रोपोमीच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा ही गळती किमान फेब्रुवारी २०१८ पासून चालू असल्याचे दिसले आणि त्या वर्षभरात मिळून सुमारे १ लाख ४२ हजार टन मिथेन हवेत गेल्याचा अंदाज निघाला. वर्षभर कोणालाही न दिसलेली गोष्ट अशी अवचित सापडली आणि तिथूनच या क्षेत्राकडे जगाचे लक्ष वळले.

प्रश्न : आमच्या घरात संध्याकाळनंतर कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडचा वास येतो. तिथून तासाला दहा टन मिथेन बाहेर पडतो असे उपग्रहाने दाखवल्याचे वाचले. हे खरे आहे का? महापालिका तर तिथे शास्त्रशुद्ध पद्धतीने विल्हेवाट होते असे सांगते. (शिक्षिका, कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व)

उत्तर : आपण वाचलेला आकडा कपोलकल्पित नाही. नेदरलँड्सची अंतराळसंशोधन संस्था एसआरओएन आणि जीएचजीसॅट यांच्या शास्त्रज्ञांनी ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांचा एकत्रित अभ्यास केला आणि तो २०२२ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शहरांचे एकूण उत्सर्जन ट्रोपोमीवरून आणि कचराभूमीचे उत्सर्जन जीएचजीसॅटवरून मोजले होते. त्यात कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीचा दर तासाला सुमारे ९.८ टन निघाला. प्रचलित जागतिक सूचींमध्ये या चार शहरांच्या नावावर जेवढा मिथेन मांडलेला होता, त्याच्या १.४ ते २.६ पट प्रत्यक्षात आढळला, हा त्या अभ्यासाचा मोठा निष्कर्ष. मुंबईच्या एकूण मिथेनपैकी साधारण चौथा हिस्सा या एका जागेचा होता.

मात्र या आकड्याचा अर्थ नेमका लावायला हवा. ९.८ टनांना दिवसाच्या २४ तासांनी आणि वर्षाच्या ३६५ दिवसांनी गुणले की सुमारे ८५ हजार टन येतात, आणि बातम्यांत तोच आकडा छापला गेला. उपग्रहाने मात्र वर्षभर पाहिलेले नसते. त्याने काही निरभ्र दिवशी, उन्हाच्या वेळी, काही क्षणांपुरते पाहिलेले असते. रात्री त्याला दिसत नाही आणि ढगांतून दिसत नाही, म्हणजे मुंबईचा सारा पावसाळा त्याच्या नोंदींतून जवळजवळ गळतो. कचऱ्यातला ओलावा आणि हवेचा दाब यांनुसार कचराभूमीतून निघणारा वायू दिवसागणिक कमी-जास्त होतो. हवेचा दाब घसरला की ढिगाऱ्यातला वायू अधिक प्रमाणात बाहेर येतो. म्हणून ‘तासाला ९.८ टन’ हे पाहिलेल्या वेळांचे मोजमाप आहे आणि ‘वर्षाला ८५ हजार टन’ हे त्यावरून बांधलेले अनुमान आहे, हा फरक लक्षात ठेवावा. तरीही एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. अनुमानात पुष्कळ चूक धरली तरी उरणारे उत्सर्जन मोठेच आहे आणि ते नाकारण्याला आता आधार नाही.

महापालिकेच्या म्हणण्याविषयी. कांजूरमार्गला कचऱ्याचा मोठा भाग बायोरिॲक्टर पद्धतीने हाताळला जातो, हे खरे आहे आणि १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या उघड्या ढिगाऱ्यांपेक्षा ही पद्धत निश्चितच सुधारलेली आहे. या पद्धतीत कचरा कप्प्यांत भरतात, त्यातून झिरपणारे पाणी पुन्हा त्यातच फिरवतात आणि कुजण्याची क्रिया मुद्दाम वेगवान करतात. पण कुजणे वेगवान झाले की मिथेनही लवकर आणि भरपूर तयार होतो. तो ओढून घेणाऱ्या नळ्या आणि वरचे आच्छादन त्याच वेळी तयार नसेल, म्हणजे कप्पा भरत असतानाचे महिने उघडेच राहिले, तर तोच वायू हवेत जातो. पद्धत शास्त्रीय असणे आणि वायू पकडला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज सहा हजारांहून अधिक टन कचरा निर्माण करणाऱ्या शहराचा बहुतेक भार एकाच जागेवर पडतो, तेव्हा ही दुसरी गोष्ट मोजूनच सिद्ध करावी लागेल.

आता वास. आपल्याला त्रास देणारा वास मिथेनचा नाही, कारण मिथेन गंधहीन आहे. तो हायड्रोजन सल्फाइड आणि गंधकाच्या इतर संयुगांचा असतो. ही संयुगे मिथेनबरोबरच त्याच कुजण्यातून निघतात, पण त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की हे उपग्रह ती टिपू शकत नाहीत. संध्याकाळनंतर वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच कोंडते आणि म्हणून वास त्या वेळी वाढतो. नेमक्या त्याच वेळी उपग्रह आंधळा असतो. त्यामुळे उपग्रहाचे चित्र आपल्या तक्रारीचा पुरावा म्हणून जसेच्या तसे वापरता येणार नाही. त्यासाठी वस्तीतच हायड्रोजन सल्फाइड मोजणारी यंत्रे चोवीस तास चालू हवीत आणि त्यांच्या नोंदी लोकांना रोजच्या रोज पाहता आल्या पाहिजेत. ही मागणी सर्वथा रास्त आहे.

प्रश्न : मोजमापनाच्या क्षेत्रात आयुष्य गेल्यामुळे विचारतो. या आकड्यांत चूक किती असते आणि ती कोणी तपासली आहे? (निवृत्त उपकरण अभियंता, ठाणे)

उत्तर : चुकीचे सर्वांत मोठे कारण उपग्रहात नसते, ते वाऱ्यात असते. उपग्रह फक्त लोटात त्या क्षणी किती मिथेन आहे ते सांगतो. तासाचा दर काढायचा तर तो वायू किती वेगाने वाहून जात होता, हे ठाऊक हवे. एक उदाहरण घेऊ. लोटात एकूण एक टन जादा मिथेन आहे, लोटाची लांबी दोन किलोमीटर आहे आणि वारा सेकंदाला दोन मीटर आहे, असे समजा. वायूला ही लांबी पार करायला १००० सेकंद लागतात, म्हणजे १००० सेकंदांत एक टन, म्हणजेच तासाला ३.६ टन. आता त्याच चित्रासाठी वारा सेकंदाला तीन मीटर धरला की उत्तर तासाला ५.४ टन होते. चित्र तेच, वायू तोच, आणि आकडा दीडपट. बहुतेक वेळा घटनास्थळी वारा मोजणारे कोणी नसते आणि तो वेग हवामानाच्या प्रारूपांतून घेतला जातो. किनाऱ्यालगत, जिथे खारे वारे दिवसातून दिशा बदलतात, तिथे या प्रारूपांची चूक वाढते. मुंबईचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. याशिवाय पाण्याचा गडद पृष्ठभाग फार कमी प्रकाश परत पाठवतो. एकाच चित्रात उजळ छपरे आणि काळी माती असेल, तर नसलेला लोट दिसल्याचा भासही होऊ शकतो. वाळवंटातल्या गळत्या इतक्या ठळक सापडतात त्याचे एक कारण म्हणजे तिथली एकसारखी, उजळ जमीन.

तपासणी झाली आहे आणि ती चोख पद्धतीने झाली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये ॲरिझोनातील एरेनबर्ग येथे मीटरने मोजलेला मिथेन मुद्दाम हवेत सोडला. किती सोडला, किंवा सोडला तरी की नाही, हे उपग्रहांची माहिती वाचणाऱ्या गटांना सांगितले नव्हते. पाच उपग्रहांची परीक्षा झाली. त्यांत जीएचजीसॅट आणि वर्ल्डव्ह्यू-३ हे खासगी, तर सेंटिनेल-२, लँडसॅट-८ आणि इटलीचा प्रिस्मा हे सरकारी होते. सोडलेल्या उत्सर्जनांपैकी ७१ टक्के वेळा गटांनी ते बरोबर ओळखले. काढलेल्या आकड्यांपैकी तीन-चतुर्थांश आकडे खऱ्या मूल्याच्या उणे-अधिक ५० टक्क्यांच्या आत होते. ओळखले गेलेले सर्वांत लहान उत्सर्जन तासाला सुमारे २०० किलोचे होते आणि ते खासगी उपग्रहाने टिपले होते.

आपल्यासारख्या कसलेल्या माणसाला ५० टक्के चूक म्हणजे उपकरण नापास, असे वाटेल. पण तुलना कशाशी करायची ते पाहा. आजवर बहुतेक देशांच्या आणि कंपन्यांच्या अहवालांत मिथेन मोजलेलाच नसतो. इतके टन कचरा किंवा इतक्या विहिरी, गुणिले एक ठरावीक गुणांक, असा तो हिशेब असतो. कुठली झडप उघडी राहिली, जादा वायू जाळणारी कुठली ज्योत विझली, हे त्या गुणांकात कधीच येत नाही. रशियातील केमेरोवो प्रांतातल्या रास्पाद्स्काया कोळसा खाणीवर जानेवारी २०२२ मध्ये जीएचजीसॅटने एकाच वेळी १३ लोट पाहिले. त्यांचा एकत्रित दर तासाला सुमारे ९० टन होता. यात निम्म्याने चूक धरली तरी तासाला ४५ टन उरतात.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात इतक्या कोळसा खाणी आहेत. त्यांचा मिथेन उपग्रहाला दिसतो का? (स्थानिक पत्रकार, चंद्रपूर)

उत्तर : रास्पाद्स्कायाचे उदाहरण वाचून तशी अपेक्षा होणे साहजिक आहे, पण ते जसेच्या तसे चंद्रपूरला लावता येत नाही. ती भूमिगत खाण आहे. खोल खाणीतला मिथेन पंख्यांनी ओढून मोजक्या शाफ्टच्या तोंडांतून बाहेर टाकतात, म्हणून त्याचा लोट दाट असतो आणि सहज दिसतो. वर्धा खोऱ्यातला बराचसा कोळसा आज खुल्या खाणींतून निघतो. तिथे जो काही मिथेन सुटतो तो काही किलोमीटरच्या उघड्या खड्ड्यावर विरळ पसरतो आणि अशा विखुरलेल्या उत्सर्जनाला एका लोटाचा आकार येत नाही. शिवाय जास्त वायू धरून ठेवणारा कोळसा आपल्याकडे मुख्यतः दामोदर खोऱ्यात, झरिया-राणीगंजच्या पट्ट्यात आहे. कोळशाच्या थरातला मिथेन विहिरी घेऊन व्यापारी तत्त्वावर काढला जातो तो म्हणूनच बराचसा तिकडे.

त्यामुळे चंद्रपूरवर लोट दिसला नाही, तर मिथेन नाही, असा निष्कर्ष काढू नये. उपग्रहाच्या पकडीत येईल इतका दाट उगम नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या जिल्ह्यातील भूमिगत खाणींपैकी ज्यांचे पंखे अजून चालू आहेत त्यांची यादी आणि त्यांच्या बाहेर जाणाऱ्या हवेतील मिथेनच्या नोंदी मागवल्यात, तर बातमीसाठी अधिक भक्कम आधार मिळेल. सुरक्षेच्या नियमांमुळे या नोंदी खाणीत ठेवाव्याच लागतात.

प्रश्न : भातखाचरे आणि जनावरे यांतून मिथेन निघतो असे सांगतात. उद्या उपग्रहावरून आमचे बांध मोजून शेतकऱ्यांवर कर बसवतील का? (भातउत्पादक शेतकरी, साकोली, जि. भंडारा)

उत्तर : आपली खाचरे किंवा गोठा या उपग्रहांना दिसणार नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत जीएचजीसॅटने कॅलिफोर्नियातील सॅन होआकिन खोऱ्यात गुरांच्या एका मोठ्या खाद्यतळाचा मिथेन टिपला, तेव्हा दर तासाला ४४३ ते ६६८ किलो निघाला होता. तिथे हजारो जनावरे एकाच आवारात बांधलेली असतात. दारात दोन-चार जनावरे असलेल्या गावाचा मिथेन इतका पसरलेला असतो की तो पार्श्वभूमीतच विरून जातो. भाताच्या मोठ्या पट्ट्यांवरील वाढ ट्रोपोमीला ऋतूनुसार दिसते, पण ती अनेक जिल्ह्यांची मिळून. एका सातबाऱ्यापर्यंत ती पोहोचत नाही.

मिथेन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवण्याची जागतिक प्रतिज्ञा २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर झाली. भारताने तिच्यावर सही केलेली नाही, आणि आपल्या मिथेनचा मोठा भाग छोट्या शेतकऱ्यांच्या उपजीविकेतून येतो, हे त्यामागचे एक प्रमुख कारण सांगितले जाते. माझ्या मते ही चिंता योग्य आहे. पण शेतकऱ्याला पुढे करून कचराभूमी आणि तेल-वायू प्रकल्पांच्या गळतीकडे काणाडोळा करणे योग्य नाही. तिथला मिथेन कोणाच्या पोटावर पाय न देता थांबवता येतो.

प्रश्न : मी तेल-वायू क्षेत्रात काम करतो. आमच्यासारख्या कंपन्याच या उपग्रह-माहितीच्या मोठ्या ग्राहक आहेत. मग पैसे देणाऱ्याच्या विरुद्ध जाणारी माहिती जगापुढे येणार कशी? (मस्कतस्थित मराठी अभियंता)

उत्तर : या साऱ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. खासगी कंपनी आपल्या खर्चाने उपग्रह सोडते, मग माहिती विकून तो खर्च भरून काढते. तेल कंपनीने स्वतःच्या विहिरींवर लक्ष ठेवण्यासाठी माहिती विकत घेतली, गळती दिसताच दुरुस्त केली आणि कोणाला सांगितले नाही, तरी हवेचा फायदाच झाला. परंतु तिने माहिती घेतली आणि काहीच केले नाही, तर ते बाहेरच्या कोणाला कधीच कळणार नाही. म्हणून या माहितीचा काही भाग तरी सार्वजनिक पैशाने विकत घेऊन खुला व्हायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

त्याची सुरुवात झाली आहे. खासगी उपग्रहांची माहिती विकत घेऊन संशोधकांना देण्याचा नासाचा एक कार्यक्रम आहे आणि जीएचजीसॅटची माहिती त्यात समाविष्ट आहे. युरोपीय अंतराळसंस्थाही संशोधन-प्रस्ताव स्वीकारून ही माहिती विनामूल्य देते. वेगळी वाट कार्बन मॅपर या ना-नफा संस्थेने काढली. तिच्यासाठी टॅनेजर-१ हा उपग्रह प्लॅनेट या खासगी कंपनीने बनवला, त्यावरचा वर्णपटमापक नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या रचनेचा आहे आणि तो १६ ऑगस्ट २०२४ रोजी अवकाशात गेला. पहिल्या काही आठवड्यांतच त्याने कराचीतील एका कचराभूमीवरचा चार किलोमीटर लांबीचा लोट टिपला, ज्याचा दर तासाला सुमारे १२०० किलो होता. प्लॅनेट ही माहिती ग्राहकांना विकते, तर कार्बन मॅपर मिथेनच्या लोटांच्या नोंदी काही काळाने सर्वांसाठी खुल्या करते. माझ्या मते आजघडीला हीच मांडणी सर्वांत समंजस आहे.

एकाच उपग्रहावर विसंबण्यातली जोखीमही अलीकडेच दिसली. अमेरिकेतील एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या संस्थेने मार्च २०२४ मध्ये सोडलेला मिथेनसॅट सर्व माहिती विनामूल्य देणार होता. एकेकट्या गळत्यांपलीकडे जाऊन संपूर्ण तेलक्षेत्राचे उत्सर्जन मोजण्याची त्याची क्षमता मोलाची होती. जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला आणि तो पुन्हा जुळला नाही. जीएचजीसॅटचा एखादा उपग्रह बंद पडला तर तिचे इतर उपग्रह काम चालू ठेवतात. इथे मात्र पर्यायी उपग्रहच नव्हता.

शेवटी, माहिती खुली असली तरी तिची दखल कोणीतरी घ्यावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये मार्स नावाची यंत्रणा जाहीर केली. उपग्रहांना मोठा लोट दिसला की ती संबंधित सरकारला आणि कंपनीला कळवते. २०२४ च्या अहवालापर्यंत सुमारे १२०० सूचना गेल्या होत्या आणि त्यांपैकी जेमतेम एक टक्क्याला दखलपात्र उत्तर आले. पुढच्या वर्षी हे प्रमाण १२ टक्क्यांवर गेले. वाढ आहे, पण दर शंभर सूचनांपैकी ८८ अजून अनुत्तरित राहतात. याउलट इंग्लंडमधील चेल्टनम येथे २०२३ च्या मार्चमध्ये जीएचजीसॅटच्या चित्रांत एका वायुवाहिनीची गळती दिसली. खरे तर तेव्हा जवळच्या कचराभूमीचा अभ्यास चालू होता. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर काम केले, वाहिनीच्या कंपनीला कळवले आणि जूनपर्यंत वाहिनी दुरुस्त झाली. तिथेही अकरा आठवडे लागलेच. युरोपीय महासंघाचा २०२४ चा मिथेन-नियम आयात होणाऱ्या तेल, वायू आणि कोळशालाही टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे. त्यानंतर आपल्या आखाती क्षेत्रातल्या कंपन्यांना उत्तर न देणे परवडणार नाही, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : आमच्या शहरातल्या कचरा डेपोविषयी अशी माहिती सामान्य नागरिकाला पाहता येईल का? (पर्यावरण गटाची कार्यकर्ती, नाशिक)

उत्तर : हो. कार्बन मॅपरचा नकाशा संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात आपल्या शहरावर लोट नोंदलेला असल्यास तारखेसह दिसतो. तो सापडला तर आकडा उचलण्याआधी तीन गोष्टी टिपून ठेवा : निरीक्षणाची तारीख आणि वेळ, त्या वेळचा धरलेला वाऱ्याचा वेग, आणि आकड्यापुढे दिलेली उणे-अधिक मर्यादा. एकाच तारखेच्या एका चित्रावर पत्रकार परिषद घेऊ नका. वेगवेगळ्या तारखांना त्याच उतारावर लोट दिसत असेल, तर ते प्रकरण निर्विवाद होते. लोट दिसला नाही तरी डेपो निर्दोष ठरत नाही, कारण तासाला शे-दोनशे किलोंखालचे उत्सर्जन या उपग्रहांच्या हाताला सहसा लागत नाही.

त्यानंतरचे काम जमिनीवरचे आहे. माहिती अधिकारात पालिकेकडे तीन नोंदी मागा : वायू ओढणाऱ्या विहिरी किती बसवल्या आणि त्यांपैकी किती चालू आहेत, गेल्या बारा महिन्यांत दरमहा किती घनमीटर वायू गोळा झाला, आणि जाळण्याची ज्योत किती तास बंद होती. उपग्रहाच्या तारखा आणि ज्योत बंद असलेले तास शेजारी ठेवून पाहा. ओला कचरा वेगळा होऊन किती टन जैववायू प्रकल्पात गेला, हेही त्याच अर्जात विचारा, कारण डेपोत न गेलेल्या ओल्या कचऱ्याचा मिथेन नंतर पकडत बसावा लागत नाही.